चौक सुधारण्याआधी भाडेकरार वाचा

वस्तीतली एखादी ओसाड जागा पुन्हा नांदती करायचं चार जणांनी मनावर घेतलं, की पहिली बैठक बाकांचा रंग, झाडं आणि भिंतीवरचं चित्र यांतच संपते. मी अशा गटांचे हिशेब बघते, त्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगळा असतो. ही जागा खरंच छान झाली, तर आजूबाजूच्या जमिनीची किंमत वाढेल. ती वाढ कुणाच्या खिशात जाणार?

उद्घाटन झाल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नसतो. जागा सुधारली की लोक तिथे रेंगाळतात, दुकानांचा गल्ला वाढतो, शेजारची घरं हवीहवीशी होतात. मागणी वाढली तर दुकानदार माल जास्त मागवतो. चौकाला लागून असलेली जमीन मात्र कुणालाच जास्त मागवता येत नाही. म्हणून सगळी चढाओढ शेवटी त्या थोड्याशा जमिनीसाठी होते आणि वस्तीच्या मेहनतीचं फळ भाड्याच्या रूपाने जमीनमालकाकडे पोचतं. अमेरिकेतले अर्थविचारवंत हेन्री जॉर्ज यांनी १८७९ मध्येच हे ठासून मांडलं होतं: जमिनीचं मोल भोवतालचा समाज वाढवतो, वसूल मात्र मालक करतो. झाडलोट वस्तीने केली, रोपं वस्तीने जगवली आणि भाडं परवडेना म्हणून वस्तीच उठून गेली, हे टाळायचं असेल तर कामाचा क्रम बदलावा लागतो. वाढलेल्या पैशाला वाट आधी करून द्यायची, बाक नंतर बसवायचे.

आधी वही

जागेपासून पाच मिनिटांच्या चालीत येणारं प्रत्येक घर आणि दुकान एका वहीत उतरवा. प्रत्येकाला एक ओळ. मी रकाने असे आखते: मालक स्वतः वापरतो की भाडेकरू आहे, करार लेखी आहे की तोंडी, मुदत कधी संपते, भाडेवाढीचं कलम काय म्हणतं, मुदत संपल्यावर करार पुढे चालू ठेवायचा हक्क भाडेकरूला आहे का. हा शेवटचा रकाना बहुतेकदा रिकामा राहतो, कारण करारावर सही करताना तो प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. काम पूर्ण होण्याच्या सुमारास किंवा त्यानंतरच्या दोन वर्षांत ज्यांची मुदत संपते, त्या ओळींखाली लाल रेघ मारा. तोंडी कराराच्या ओळींनाही लाल रेघच.

ही माहिती लोक अनोळखी माणसाला देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. शेजारणीने शेजारणीकडे विचारावं. वही गटातल्या दोघांच्याच ताब्यात राहू द्या. बैठकीत बेरीज सांगा, नावं सांगू नका.

वही भरली की पुढची दिशा दिसू लागते. बहुतेक घरं राहणाऱ्यांच्याच मालकीची असतील, तर सुधारणेने त्यांची मिळकत वाढेल. तिथे काळजी वाढीव मालमत्ता कराची. घर स्वतःचं पण रोख उत्पन्न तुटपुंजं अशा वृद्धांना तो जड जातो, तेव्हा कर विक्रीपर्यंत पुढे ढकलण्याची सवलत मिळते का ते आधीच विचारून ठेवा. लाल रेघा जास्त असतील, तर करार नव्याने करून घेणं हेच पहिलं काम. अशा वेळी मालकाला सगळी योजना मोकळेपणाने सांगा आणि तीन गोष्टी मागा: लांब मुदत, आधीच ठरलेली वार्षिक वाढ आणि नूतनीकरणाचा, म्हणजे मुदत संपल्यावर करार पुढे चालू ठेवायचा, हक्क. चौक ओसाड आहे तोवर भरवशाचा भाडेकरू मालकालाही हवा असतो. दिवे लागल्यावर त्याच माणसाशी तेच बोलणं फार अवघड होतं. तिन्हींपैकी एकच मिळणार असेल तर मी नूतनीकरणाचा हक्क धरून ठेवते. भाडं थोडं चढं असलं तर दुकानदार कसंबसं निभावून नेतो. जागाच गेली तर गिऱ्हाईकही गेलं.

छोट्या दुकानांसाठी एवढा आग्रह धरायचं कारण आहे. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये लिहिलं की नव्या कल्पनांना जुन्या इमारती लागतात, कारण नव्या बांधकामाचं भाडं प्रयोग करून बघणाऱ्याला पेलत नाही. स्वस्त गाळे संपले की तिथे फक्त आधीच यशस्वी झालेले धंदे येऊ शकतात. मग चौक चकचकीत होतो, पण तिथे नवं काही उगवत नाही.

मोजणी, काम सुरू होण्याआधीच

न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात चौकांवर कॅमेरे रोखून आणि हातात वही घेऊन माणसं कुठे बसतात, कुठे थांबतात ते टिपलं. त्यासाठी लागते ती चिकाटी, खर्च जवळजवळ काहीच नाही. तुम्हीही तेच करा. दोन वेगळ्या मोजण्या ठेवा. एका ठिकाणी उभं राहून पंधरा मिनिटांत किती जण पुढे गेले ते मोजा. एका तासाचा अंदाज हवा तर त्याला चारने गुणा. दुसरी मोजणी थांबलेल्यांची: जागेतून एक फेरी मारा आणि त्या घडीला कोण बसलंय, कोण उभ्याने गप्पा मारतंय, कोण खेळतंय, ते नकाशावर खुणेने मांडा. सकाळ, दुपार, संध्याकाळ, अंधार पडल्यावर. एक कामाचा दिवस, एक सुट्टीचा. वाटसरूंचा आकडा जागेच्या वाट्याला नुसत्या ठिकाणामुळे येतो. थांबलेल्यांचा आकडा मात्र जागेने कमावलेला असतो, म्हणून मी दुसऱ्या मोजणीला जास्त किंमत देते.

स्त्रिया, वृद्ध आणि मुलं वेगळी मोजा. बायकांचं प्रमाण सरासरीहून जास्त असेल तर ती जागा नीट चालली आहे, असं व्हाइट यांचं निरीक्षण होतं, आणि बसायची जागा निवडताना त्या अधिक चोखंदळ असतात हे त्यामागचं कारण. माझ्या अनुभवात अंधार पडल्यानंतरचा हा एक आकडा लांबलचक अहवालापेक्षा जास्त सांगतो.

मोजणीचा दुसरा उपयोग दुकानदारांशी बोलताना होतो. गाड्या लावायची जागा कमी झाली की धंदा बसेल, ही भीती जगभर सारखीच ऐकू येते. कोपेनहेगनमधला स्ट्रॉयेट हा रस्ता १९६२ मध्ये गाड्यांना बंद झाला तेव्हाही व्यापाऱ्यांची हीच तक्रार होती. आज तो शहरातला गजबजलेला बाजाररस्ता आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात एका पाहणीत दुकानदारांनी सांगितलं की ४१ टक्के गिऱ्हाईक गाडीने येतं. प्रत्यक्ष गिऱ्हाइकांना विचारलं तर तो आकडा २२ टक्के निघाला. पण तुमच्या दुकानदाराला ब्रिस्टलचा आकडा ऐकवून काही होणार नाही. त्याच्याच दुकानाच्या दारात, त्यालाच सोबत उभं करून, येणाऱ्यांना विचारा. स्वतः मोजलेल्या आकड्यावर माणूस विश्वास ठेवतो.

बाकांआधी खुर्च्या

कायमचं काही बांधण्याआधी हलकं, उचलता येण्याजोगं सामान मांडून बघा. मे २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधून ब्रॉडवे रस्ता गाड्यांना बंद केला, तेव्हा कायमचं सामान तयारही नव्हतं. पालिकेने साध्या घडीच्या खुर्च्या मांडल्या आणि लोक येऊन बसले. काही महिने निरीक्षण झालं आणि २०१० मध्ये बदल कायम ठेवायचा निर्णय झाला. दगडाचा चौथरा चुकीच्या जागी बांधला तर तो हलवायला दुसऱ्यांदा पैसे लागतात. खुर्ची माणूस स्वतःच सावलीत ओढून नेतो, आणि संध्याकाळी खुर्च्या कुठे साचल्या आहेत ते पाहिलं की बाक कुठे हवेत हे कळतं.

किती बसायला हवं याचा एक जुना, साधा अंदाज उपयोगी पडतो: व्हाइट यांच्या कामानंतर न्यूयॉर्कने १९७५ मध्ये नियम केला की खासगी इमारतींपुढच्या सार्वजनिक चौकात दर ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक हवी. कठडे, पायऱ्या, झाडाभोवतीचे कट्टे हेही त्यात धरता येतात, आणि ते फार स्वस्त पडतात.

वर्षाचा खर्च

उभारणीला पैसे मिळतात. फीत कापायला पाहुणे येतात, देणगीदाराचं नाव लागतं. झाडूवाल्याच्या बाराव्या महिन्याच्या पगाराला नाव लागत नाही. म्हणून अंदाजपत्रक करताना मी उभारणीचं पान शेवटी लिहिते. आधी वर्षाचं पान: सफाई, पाणी, दिवे, राखण, विमा, कार्यक्रम, आणि झिजेसाठी बाजूला काढायची रक्कम. झीज काढायची रीत साधी आहे. वस्तू किती वर्षं टिकेल त्याने तिच्या किमतीला भागा आणि तेवढे पैसे दरवर्षी वेगळ्या खात्यात टाका. आठ वर्षं टिकणाऱ्या झोपाळ्याचा आठवा हिस्सा दरवर्षी. स्वयंसेवकांचे तासही चालू मजुरीने लिहा, पैसे द्यायचे नसले तरी. ते थकले की हे काम कुणालातरी पगार देऊन करून घ्यावं लागतं, आणि तो आकडा आधीपासून समोर असावा. वर्षाचं पान जमत नसेल तर जागा लहान करा, हा माझा ठाम सल्ला आहे. निम्मा चौक झकास ठेवणं पूर्ण चौक कळकट ठेवण्यापेक्षा कितीतरी बरं.

पैसे कुठून आणायचे याचं सगळ्यात अभ्यासण्याजोगं उदाहरण न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क. एकेकाळी अमली पदार्थांच्या विक्रीसाठी बदनाम असलेली ही बाग सावरायला १९८० मध्ये एक ना-नफा संस्था उभी राहिली. नूतनीकरणासाठी ती बंद ठेवून १९९२ मध्ये पुन्हा उघडली. रोजचा खर्च भोवतालच्या इमारतींवरचा ठरलेला आकार (सक्तीची वर्गणी), खाद्यगाळ्यांचं भाडं आणि प्रायोजक यांतून निघतो. यातली पहिली वाट मला महत्त्वाची वाटते. बागेमुळे ज्यांच्या इमारतींचं मोल वाढतं तेच तिच्या सफाईचे पैसे देतात. ही पद्धत टोरंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमधल्या व्यापाऱ्यांनी १९७० मध्ये पहिल्यांदा कायद्यात बसवून घेतली: बहुसंख्य व्यापारी राजी असतील तर त्या पट्ट्यातल्या सगळ्यांकडून वर्गणी कराबरोबर वसूल होते. त्यामुळे फायदा घेऊन वर्गणी टाळणाऱ्याचा प्रश्न सुटतो. मात्र असा आकार लावताना भाडेकराराचं कलम पुन्हा वाचा. पुष्कळ करारांत मालक हा आकार सरळ भाडेकरूवर ढकलू शकतो, आणि मग ज्याचं मोल वाढलं तो नामानिराळा राहतो.

कार्यक्रम आणि प्रायोजक यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. जागा वर्षातला बराच काळ मांडवाखाली झाकली गेली, तर रोज येऊन बसणाऱ्याला ती आपली वाटेनाशी होते. भाड्याने द्यायचे दिवस वर्षाच्या सुरुवातीला ठरवून टाका आणि तो आकडा ओलांडू नका.

वाढलेलं मोल वस्तीकडे वळवणं

न्यूयॉर्कचीच हाय लाइन या बाबतीत मोठा धडा देते. जुन्या उन्नत रेल्वेमार्गावरची ही बाग २००९ मध्ये खुली झाली, जगभरातून लोक आले, भोवती आलिशान इमारती उठल्या. शेजारच्या सार्वजनिक गृहवसाहतींतल्या कुटुंबांच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही. बागेच्या संस्थापकांपैकी रॉबर्ट हॅमंड यांनी स्वतःच २०१७ मध्ये जाहीरपणे मान्य केलं, की रचना कशी हवी हे विचारण्याऐवजी तुमच्यासाठी काय करू, असं शेजाऱ्यांना विचारायला हवं होतं. वॉशिंग्टनमधल्या अकराव्या रस्त्याच्या पूल-बागेच्या (पुलावर उभारायच्या बागेच्या) लोकांनी उलट क्रम लावला. बांधकामाच्या कितीतरी आधी, २०१५ मध्ये, त्यांनी घरं, रोजगार आणि छोटे धंदे यांची योजना जाहीर केली, भाडेकरूंना त्यांचे हक्क समजावले, घर घेऊ पाहणाऱ्यांचे वर्ग चालवले आणि जमीन राखून ठेवण्यासाठी न्यास उभा करायला हातभार लावला.

तुमच्यासमोर साधारण तीन वाटा असतात.

एक, करातून वसुली. कोलंबियाच्या १९९७ च्या ३८८ क्रमांकाच्या कायद्याने पालिकांना अधिकार दिला, की नियोजनाच्या निर्णयामुळे जमिनीचं मोल वाढलं तर त्या वाढीतला ३० ते ५० टक्के हिस्सा त्यांनी घ्यावा. हे वस्तीच्या हातातलं काम नाही. पण पालिकेकडे अशी तरतूद असेल तर तो पैसा त्याच वस्तीत खर्च व्हावा, ही मागणी लेखी नोंदवून ठेवा.

दोन, सार्वजनिक जमीन विकू न देता अटींसह मिळवणं. लंडनच्या कॉइन स्ट्रीटवर रहिवाशांनी कार्यालयांच्या टोलेजंग योजनेशी वर्षानुवर्षं झगडा केला आणि १९८४ मध्ये नदीकाठची सुमारे १३ एकर जमीन त्यांच्या संस्थेला दहा लाख पौंडांत मिळाली. एवढी स्वस्त का? कारण ती घरं आणि मोकळ्या जागेसाठीच वापरायची अशी बंधनं तिच्यावर होती, आणि बंधन घातलं की जमिनीचा सट्टा उतरतो. हे पुन्हा वाचा, कारण यात अख्खं अर्थशास्त्र आहे: वापरावरची अट हीच किंमत खाली आणते. त्याच जमिनीवरच्या ऑक्सो टॉवरमध्ये वर उपाहारगृह, खाली दुकानं आणि मधल्या मजल्यांवर सहकारी घरं आहेत. जिथून नदी दिसते तिथलं भाडं घरांना हात देतं.

तीन, सामुदायिक जमीन-न्यास. जमीन कायम न्यासाकडे राहते, घर कुटुंब कमी किमतीत विकत घेतं, जमिनीचा लांब मुदतीचा पट्टा त्याच्या नावे होतो. घर विकताना सूत्र लागू होतं. अमेरिकेतल्या बर्लिंग्टनमध्ये १९८४ पासून चालणाऱ्या न्यासात वाढीव मोलातला २५ टक्के हिस्सा विकणाऱ्याला मिळतो. म्हणजे घराचं मोल ४० ने वाढलं तर त्याला भरलेले पैसे आणि वर १० मिळतात. उरलेले ३० घराच्या कमी किमतीत पुढच्या कुटुंबासाठी टिकून राहतात. विकणाऱ्यावर हा अन्याय आहे असं कुणीतरी नक्की म्हणेल. त्याला सांगा की खुल्या बाजारात हे घर त्याला घेताच आलं नसतं.

न्यास केला तर जमीन कर्जाला तारण ठेवू नका. या कल्पनेचा पहिला प्रयोग, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातला १९६९ चा न्यू कम्युनिटीज, कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी उभा केला होता. दुष्काळ आणि अडवलेली सरकारी मदत यांत तो कर्जात बुडाला आणि १९८५ मध्ये सगळी जमीन गेली. ते शेतकरी कुठेही कमी पडले नव्हते. पण तारण दिलेली जमीन समाजाची राहत नाही, ती सावकाराच्या मर्जीवर राहते.

आलेला पैसा किती फिरतो

सुधारणेचं कंत्राट कुणाला द्यायचं यावर वाद झाला की मी एक गणित मांडते. ब्रिटनमधल्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशनने ते छोट्या गटांना जमेल अशा रीतीने बसवलं. समजा गटाकडे १०० आले. त्यातले ६० वस्तीतल्या कारागिरांना आणि पुरवठादारांना गेले. त्यांनी त्यातले ३० वस्तीतच खर्च केले. तिन्हींची बेरीज १९०, भागिले १००, म्हणजे १.९: आलेल्या प्रत्येक एकामागे वस्तीत १.९ चा व्यवहार झाला. बाहेरच्या कंत्राटदाराने १०० पैकी १० च इथल्या मजुरीवर घातले आणि त्यातले ५ इथे फिरले, तर आकडा १.१५. दुसरी निविदा थोडी स्वस्त असली तरी पहिली का घ्यावी, हे सांगायला आता तुमच्याकडे कारण आहे. तिसऱ्या फेरीचा आकडा फार कमी निघाला तर मजूर पैसे कुठे घालतात ते विचारा. बहुतेकदा उत्तर घरभाडं हेच असतं, आणि तो पैसा परगावच्या मालकाकडे निघून गेलेला असतो.

निर्णय कुणाचा

संस्थेचे नियम लिहिताना कार्यकारिणीतल्या जागा वाटून घ्या. जमीन-न्यासांची रूढ पद्धत अशी: कार्यकारिणीत एक तृतीयांश न्यासाच्या घरांत राहणारे, एक तृतीयांश आजूबाजूचे रहिवासी, उरलेले जाणकार आणि सार्वजनिक हिताचे प्रतिनिधी. बॉस्टनच्या डडली स्ट्रीट या रहिवाशांच्या उपक्रमाने आणखी विचार केला. तिथल्या कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी, केप व्हर्डीयन (आफ्रिकेजवळच्या केप व्हर्ड बेटांवरून आलेल्या) आणि गोऱ्या रहिवाशांना, लोकसंख्येतलं प्रमाण वेगवेगळं असूनही, सारख्याच जागा दिल्या. याच गटाला १९८८ मध्ये पडीक खासगी भूखंड सक्तीने संपादित करायचा अधिकार मिळाला, जो सहसा फक्त सरकारकडे असतो. एवढा अधिकार त्यांच्याकडे सोपवताना, कार्यकारिणीत कोण बसतं हा प्रश्न शहराच्या दृष्टीने अर्थातच मोठा होता.

सामायिक मालमत्ता लोक स्वतः कशी सांभाळतात यावरच्या कामासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या निष्कर्षांतले दोन मी प्रत्येक गटाच्या नियमावलीत घालते. जागेवर लक्ष ठेवणारे वापरणाऱ्यांना उत्तरदायी असावेत. आणि नियम मोडणाऱ्याला पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा लहान दंड, मग मोठा, अशी पायरीपायरीने शिक्षा असावी. पहिल्याच चुकीला बंदी घातली तर त्या माणसाचं अख्खं घर जागेकडे पाठ फिरवतं. आणि महिन्याचा जमाखर्च जागेवरच्या फळ्यावर लावा, मोठ्या अक्षरात, पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आत. शिल्लक उणे असेल तर तीही लावा.